ॲपल टू मध्ये झेड-८० सॉफ्टकार्ड बसवताना: कुठल्या क्रमाने करायचं आणि गाडी कुठे अडते

जुना ॲपल टू प्लस किंवा आयआयई हातात आला की बरेच जण लगेच मायक्रोसॉफ्टचं झेड-८० सॉफ्टकार्ड, नाहीतर त्याचा तैवानी क्लोन, शोधून मागवतात, कारण सीपी/एम (झेड-८० प्रोसेसरवर चालणारी जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवायचं असतं, वर्डस्टार (तिच्यावरचा लिखाणाचा प्रोग्रॅम) बघायचं असतं. कार्ड येतं, स्लॉटमध्ये जातं, फ्लॉपी टाकतात, स्क्रीन काळी. मग प्रश्न येतो, "कार्ड मेलंय का?" बहुतेक वेळा कार्ड जिवंत असतं. कार्ड, फ्लॉपी, मेमरी आणि ८० कॉलम (एका ओळीत ८० अक्षरं दाखवणारं कार्ड) हे सगळं एकाच दिवशी एकदम लावल्यामुळे नेमकं काय बिघडलंय ते कळायला मार्गच राहत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा, एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक टप्प्याची तपासणी पास झाल्याशिवाय पुढचा टप्पा नाही.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, मशीनवर अर्थातच रोमन कॅपिटलमध्ये टाइप करायच्या. आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं दिसतील तशीच, कारण मेमरीचे पत्ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, आहेत.

आधी एवढं समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल

सॉफ्टकार्डवर स्वतःची रॅम नाही. झेड-८० हा प्रोसेसर आहे, साधारण २ मेगाहर्ट्झवर चालतो, पण मेमरी ॲपलचीच वापरतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे राहतात, फक्त एका वेळी एकच बाहेर असते. झेड-८० चालू असताना कार्ड ॲपलच्या डीएमए लाइनवरून (मेमरीचा ताबा घ्यायची वायर) ॲपलच्या मूळ प्रोसेसरला, म्हणजे ६५०२ ला, थांबवून ठेवतं, आणि डिस्क, कीबोर्ड, स्क्रीन यांचं काम आलं की ६५०२ ला परत पुढे करतं. कार्ड ज्या स्लॉटमध्ये आहे त्या स्लॉटच्या पत्त्यावर काहीही राइट केलं की पाळी बदलते. स्लॉट ४ असेल तर ६५०२ च्या बाजूने सी४००, झेड-८० च्या बाजूने तोच पत्ता ई४००.

पत्ते वेगळे का, तर सीपी/एमला ० पासून पुढची मेमरी मोकळी लागते आणि ॲपलमध्ये तिथे ६५०२ चं झिरो पेज, स्टॅक आणि टेक्स्ट स्क्रीन बसलेले असतात. म्हणून कार्ड पत्ते सरकवतं. झेड-८० चा ०००० म्हणजे ॲपलचा १०००. झेड-८० चा एफ००० म्हणजे ॲपलचा ००००. हे दोन लक्षात ठेवा, टप्पा ४ मध्ये लागतील.

यातून एक गोष्ट आपोआप निघते: ॲपलची रॅम किंवा पॉवर सप्लाय कुरकुरत असेल तर सॉफ्टकार्ड नीट चालणारच नाही, आणि दोष मात्र कार्डाच्या माथी जातो.

टप्पा १: तुमच्या हातात नक्की कुठलं कार्ड आहे ते ओळखा

हा टप्पा लोक सोडून देतात आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. "ॲपलचं झेड-८० कार्ड" या नावाखाली निदान तीन वेगळ्या जाती मिळतात.

पहिली जात म्हणजे मूळ सॉफ्टकार्ड (१९८० चं) आणि त्याचे क्लोन. स्वतःची रॅम नाही, साध्या स्लॉटमध्ये बसतं. हा लेख याच्याबद्दल आहे.

दुसरी, पीसीपीआयचं ॲप्लिकार्ड. यावर झेड-८० सोबत स्वतःची ६४ के रॅम असते आणि ते ॲपलशी वेगळ्या पद्धतीने बोलतं. त्याला त्याचीच बूट डिस्क लागते, सॉफ्टकार्डची डिस्क टाकली तर वर्षभर बसलात तरी बूट होणार नाही. कार्डावर रॅम चिप्सची रांग दिसली की थांबा आणि नाव वाचा.

तिसरी, मायक्रोसॉफ्टचंच प्रीमियम सॉफ्टकार्ड आयआयई. ६ मेगाहर्ट्झचा झेड-८०बी, ६४ के रॅम आणि ८० कॉलम सगळं एकावर. हे आयआयईच्या ऑक्झिलरी स्लॉटमध्ये जातं, मागच्या रांगेत नाही. त्याची डिस्क पण वेगळी.

आयआयसी असेल तर विषयच संपला, त्यात स्लॉटच नाहीत.

ओरिजनल मायक्रोसॉफ्टचंच हवं असा हट्ट माझ्या मते फुकट आहे. चांगला क्लोन तेच काम करतो आणि किमतीत बराच फरक पडतो. फक्त क्लोन घेताना विकणाऱ्याला सरळ विचारा की मायक्रोसॉफ्टच्या सीपी/एम डिस्कवर चालतं का. उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या.

टप्पा २: करंट, स्टॅटिक आणि साफसफाई

भारतात आलेली बरीच मशीन अमेरिकेतून कोणाच्या तरी बॅगेतून आलेली असतात. पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. ११० ते १२० च्या आसपासचा आकडा असेल तर ते आपल्या २३० व्होल्टवर लावायचं नाही म्हणजे नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, ॲपलला २०० व्हीएचा पुरतो, मॉनिटरही अमेरिकन असेल तर त्याचा लोड वेगळा धरा. प्रवासात हेअर ड्रायरसाठी विकतात ते हलके कन्व्हर्टर चालत नाहीत, त्यांचं आउटपुट इलेक्ट्रॉनिक्ससाठी नसतं. ५० हर्ट्झची काळजी करू नका, सप्लाय स्विचिंग प्रकारचा आहे.

ॲस्टेकच्या जुन्या सप्लायमध्ये इनपुटला रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक फिल्टर कॅपॅसिटर असतात. वय झालं की त्यांना तडे जातात आणि एक दिवस घरभर धूर आणि घाण वास. मशीन जळालं असं वाटतं, पण सहसा फक्त तो कॅपॅसिटर गेलेला असतो. आधीच बदलून घ्या. लॅमिंग्टन रोडला नवीन एक्स२ कॅपॅसिटर मिळतो, तीच व्हॅल्यू आणि एसी रेटिंग बघून घ्यायचा. सप्लाय उघडायची सवय नसेल तर जाणकाराकडून करून घ्या, आत मेन्सचा करंट असतो.

सगळ्या स्लॉटमधल्या कार्डांनी मिळून ५ व्होल्टवर ५०० मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त ओढू नये असं ॲपलच्या रेफरन्स मॅन्युअलमध्ये आहे. म्हणजे सात स्लॉट आहेत म्हणून सातही भरायचे असं नाही. सॉफ्टकार्ड लावताना डिस्क कंट्रोलर सोडून बाकी सगळी कार्डं काढून ठेवा. ॲक्सिलरेटर कार्ड असेल तर ते सगळ्यात आधी काढा.

स्टॅटिकसाठी जुन्या मॅन्युअलची पद्धत अशी की मशीन बंद, पण प्लग भिंतीत, आणि सप्लायच्या धातूच्या डब्याला हात लावायचा. ही पद्धत अर्थिंग असेल तरच उपयोगाची. आपल्याकडचे बरेच स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर दोन पिनवर आउटपुट देतात, तिथे अर्थ तुटलेला असतो. तसं असेल तर रिस्टबँड वापरा आणि तो खऱ्या अर्थला जोडा.

कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर घासायचा सल्ला सगळीकडे मिळतो पण त्याने सोन्याचा मुलामा जातो, फारच काळं पडलं असेल तर हलक्या हाताने एकदा, रोजची सवय नको. स्लॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कार्ड दोन-तीनदा आत-बाहेर करा आणि पूर्ण वाळू द्या. हे अर्थात मशीन बंद असताना.

सावधान: मशीन चालू असताना कार्ड काढणं किंवा घालणं हे कार्ड मारायचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. आयआयईच्या मदरबोर्डवर एक छोटा लाल दिवा आहे, तो विझलेला बघूनच हात घाला. टू प्लसमध्ये तो दिवा नाही, म्हणून तिथे स्विचकडे दोनदा बघा.

टप्पा ३: कार्डाशिवाय मशीन तंदुरुस्त आहे ना

सॉफ्टकार्ड अजून टेबलावरच. मशीन चालू करा, ड्राइव्ह फिरायला लागला की कंट्रोल-रिसेट दाबून बेसिकच्या प्रॉम्प्टवर या.

टू प्लसवर टाइप करा: प्रिंट पीक(११५)+२५६*पीक(११६). डॉस लोड न करता उत्तर ४९१५२ यायला पाहिजे, म्हणजे ४८ के रॅम दिसतेय. कमी आलं तर एखादी रॅम चिप गेलीय किंवा सॉकेटमध्ये सैल आहे, आधी ते निस्तरा.

आयआयईवर कंट्रोल, भरीव ॲपलची की आणि रिसेट एकत्र दाबून सोडा, सेल्फ टेस्ट चालते आणि शेवटी ओके येतं.

मग डॉस ३.३ (ॲपलची स्वतःची डिस्क सिस्टिम) ची डिस्क बूट करून मशीन अर्धा तास तसंच चालू ठेवा, मधूनमधून कॅटलॉग (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारा. गरम झाल्यावर हँग होणारी मशीन याच अर्ध्या तासात पकडली जातात.

तपासा: डिस्क ड्राइव्हची २० पिनची केबल कंट्रोलरवर नीट बसलीय का. या कनेक्टरला खाचच नाही, त्यामुळे तो एक पिन सरकून बसू शकतो आणि मग ड्राइव्हच्या बोर्डावरची ७४एलएस१२५ चिप उडते. डिस्क टू वापरणाऱ्यांमध्ये ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की लोक ती चिप डब्यात भरून ठेवतात.

टप्पा ४: कार्ड बसवा आणि डिस्कशिवाय टेस्ट करा

कार्डावर चार डिप स्विच असतील तर चारही ऑफ. पहिला स्विच पत्ते सरकवण्याचा आहे, ऑफ म्हणजे सरकवणं चालू. हे नाव उलटं वाटतं म्हणून लोक "चालू करायला हवा" म्हणून ऑन करतात आणि तिथेच फसतात. बाकीचे तीन डीएमए आणि इंटरप्टचे, त्यांना हात लावायची गरज नाही. बऱ्याच क्लोनवर स्विचच नसतात, चालतं.

मशीन बंद. कीबोर्डच्या बाजूने बघताना सप्लाय डावीकडे असतो, टू प्लसमध्ये स्लॉट ० त्याच्या शेजारी आणि उजवीकडे शेवटी स्लॉट ७. आयआयईत मागच्या रांगेत १ ते ७, शून्य नाही. कार्ड स्लॉट ४ मध्ये, चिप्स असलेली बाजू उजवीकडे, म्हणजे सप्लायकडे पाठ. सरळ खाली दाबा, पुढे-मागे हलकं डुलवत. तिरकं बसलेलं कार्ड वरून नीट दिसतं पण एका टोकाला पट्ट्या अर्ध्याच टेकलेल्या असतात.

आता फ्लॉपी न घालता चालू करा, कंट्रोल-रिसेट, बेसिक प्रॉम्प्ट. होम टाइप करून स्क्रीन साफ करा. मग कॉल -१५१, की तारा (*) असलेला मॉनिटर प्रॉम्प्ट येईल (मॉनिटर म्हणजे इथे स्क्रीन नव्हे, मेमरीत थेट लिहू देणारा ॲपलचा आतला प्रोग्रॅम). तिथे ही ओळ:

१०००:३ई ०१ ३२ ०० एफ४ ३२ ०० ई४ सी३ ०० ००

आणि रिटर्ननंतर दुसरी:

सी४००:०

पहिल्या ओळीत झेड-८० साठी चिमुकला प्रोग्रॅम आहे: एफ४०० मध्ये, म्हणजे ॲपलच्या ०४०० मध्ये, म्हणजे टेक्स्ट स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, उलट्या रंगातला ए लिही आणि ई४०० वर राइट करून ६५०२ ला पाळी परत दे. दुसऱ्या ओळीने झेड-८० जागा होतो. कार्ड स्लॉट ५ मध्ये असेल तर ई४ च्या जागी ई५ आणि सी४०० च्या जागी सी५००.

तीन शक्यता.

कोपऱ्यात पांढऱ्या चौकोनात ए आला आणि तारा परत आला: कार्ड उत्तम आहे. यापुढे काहीही बिघडलं तरी कार्डावर संशय घ्यायचा नाही.

ए आला नाही पण तारा लगेच परत आला: राइट कार्डापर्यंत पोचतच नाही. स्लॉटचा नंबर चुकला, पट्ट्या मळलेल्या, किंवा कार्ड दुसऱ्या जातीचं (टप्पा १ बघा).

सगळं गोठलं: झेड-८० जागा झाला पण परत येईना. कंट्रोल-रिसेट मारा. आधी टाइप केलेली ओळ तपासा, एक आकडा चुकला तरी असंच होतं. मग पहिला डिप स्विच. मग कार्डावरच्या सॉकेटमधल्या चिप्स अंगठ्याने दाबून बघा. त्यानंतरच कार्ड खराब असं म्हणा.

टेस्ट झाली की मशीन पूर्ण बंद करा, नुसतं रिसेट नको.

टप्पा ५: बूट डिस्क

मूळ पॅकेटमध्ये दोन डिस्क यायच्या, १३ सेक्टरची आणि १६ सेक्टरची. तुमचा कंट्रोलर डॉस ३.३ बूट करतो म्हणजे १६ सेक्टरवाला आहे, तर १३ ची डिस्क बाजूला ठेवा.

जुनी डिस्क घालण्यापूर्वी खिडकीतून चकती फिरवून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, कोकण-मुंबईच्या हवेत तर हमखास, चकतीवर बुरशीचे पांढुरके ठिपके येतात. अशी डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की हेडला ते लागतं आणि मग पुढची चांगली डिस्कपण ओरखडते. बुरशी दिसली की ती डिस्क बाहेरच, आणि चुकून घातली असेल तर आयपीएने हेड पुसल्याशिवाय दुसरी घालू नका.

डिस्क नसेल तर इमेज (डिस्कची फाइलरूपी नक्कल) उतरवून एडीटीप्रो या प्रोग्रॅमने आजच्या कॉम्प्युटरवरून फ्लॉपीवर लिहिता येते, सीरियल कार्ड नसेल तर कॅसेटच्या ऑडिओ जॅकवरूनसुद्धा. किंवा फ्लॉपी एमू (मेमरी कार्डावरून ड्राइव्हची नक्कल करणारं यंत्र) वापरा, मग फ्लॉपीची कटकटच नाही. दोन चुका इथे ठरलेल्या आहेत. एक, १.२ एमबीच्या हाय डेन्सिटी फ्लॉपी वापरणं. त्यांचं मॅग्नेटिक कोटिंग वेगळं असतं, लिहिल्यासारखं वाटतं आणि नंतर वाचता येत नाही. ३६० के वाल्या, डबल डेन्सिटीच घ्या. दोन, इमेजचा सेक्टर क्रम. डॉस क्रमातली इमेज प्रोडॉस क्रमाची समजून लिहिली तर डिस्क थोडी घरघरते आणि थांबते. फाइलचं नाव बदलून क्रम बदलत नाही हो, नुसतं एक्स्टेंशन बदलून लोक परत परत तेच करतात.

आयआयई असेल तर सीपी/एमची २.२३ आवृत्ती शोधा, टू प्लसला २.२० किंवा २.२०बी चालते.

स्लॉट ६ मध्ये कंट्रोलर, पहिल्या ड्राइव्हमध्ये डिस्क, चालू करा. सीपी/एमचा बॅनर, त्यात ४४के किंवा ५६के यांसारखा मेमरीचा आकडा, आणि खाली ए> प्रॉम्प्ट.

सावधान: बॅनर येत नाही, पण ड्राइव्ह नीट वाचून थांबला आणि टप्पा ४ ची टेस्ट पास होती? तर स्लॉट ३ बघा. तिथे सीरियल कार्ड किंवा ८० कॉलम कार्ड असलं की सीपी/एम त्यालाच कन्सोल (स्क्रीन-कीबोर्ड) समजतं आणि सगळं तिकडे छापतं. तुमचा मॉनिटर मदरबोर्डच्या जॅकवर, त्यामुळे त्याला काही कळतच नाही. मशीन आत मजेत चालू असतं.

टप्पा ६: लगेच कॉपी, आणि मग कंट्रोल-सी ची सवय

पहिलं काम कॉपी. कोरी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, फॉरमॅट बी: आणि मग कॉपी बी:=ए:. मूळ डिस्कच्या खाचेवर राइट-प्रोटेक्टची पट्टी आधी चिकटवा, कारण ए आणि बी उलटे टाइप करणारे सगळे आपणच. कॉपी बूट करून बघा, आणि मूळ डिस्क कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत.

कॉपीला /एस जोडलं तर फक्त सिस्टिमचे ट्रॅक जातात. डिस्कच्या ३५ पैकी पहिले तीन ट्रॅक सिस्टिमचे आहेत, म्हणून पिपने (सीपी/एमचा फाइल कॉपी करायचा प्रोग्रॅम) सगळ्या फाइल हलवल्या तरी नवी डिस्क बूट होत नाही. "सगळं कॉपी केलं तरी चालू होईना" हे गाऱ्हाणं इथून येतं.

आता सवय. डिस्क बदलली की प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी दाबायचं. सीपी/एम डिस्कचा नकाशा मेमरीत धरून असतं. डिस्क बदललेली त्याला जाणवते, पण तुम्ही सांगितलं नाही तर ती रीड-ओन्ली धरतं, आणि लिहायला गेलात की बीडॉस एरर ऑन बी: आर/ओ असा मेसेज. ड्राइव्ह बिघडला समजून लोक हेड अलाइनमेंट करायला बसतात! एमबेसिकमध्ये (सीपी/एमवरचं मायक्रोसॉफ्टचं बेसिक) असाल तर तिथे रिसेट ही कमांड तेच काम करते. कीबोर्डवरची रिसेट की नव्हे, टाइप करायची कमांड.

टू प्लसच्या कीबोर्डवर चौकटी कंस छापलेले नाहीत. उघडणारा कंट्रोल-के ने येतो, बंद होणारा शिफ्ट-एम ने. पिपला [व्ही] देऊन कॉपी पडताळायची असेल तर हे लागतंच.

आणि डॉस ३.३ च्या डिस्क सीपी/एमला थेट वाचता येत नाहीत. डॉसवरच्या टेक्स्ट फाइल इकडे आणायला डिस्कवर एपीडॉस नावाचा प्रोग्रॅम दिलेला आहे.

टप्पा ७: मेमरी वाढवणं

आयआयईत ६४ के आधीच आहे. टू प्लसमध्ये ४८ के वर ४४ के चं सीपी/एम मिळतं, तेवढ्यात मोठे प्रोग्रॅम कोंडतात. स्लॉट ० मध्ये लँग्वेज कार्ड (१६ के) लागतं. ॲपलच्या स्वतःच्या कार्डाला एक रिबन केबल आहे: मदरबोर्डवर ई३ जागेची रॅम चिप काढून कार्डावरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावायची आणि केबलचं टोक ई३ मध्ये. टोकाच्या पिना बारीक असतात, एक दुमडून खाली गेली की मशीन चालूच होत नाही. मोबाइलचा टॉर्च धरून दोन्ही बाजूंनी बघा. चिप उलटी लावलीत तर ती गेलीच, खाच कुठल्या बाजूला होती त्याचा काढण्यापूर्वी फोटो घ्या.

बसवल्यावर टप्पा ३ ची पीकची तपासणी परत, ४९१५२ च यायला हवं. मग टप्पा ४ ची टेस्ट परत. कंटाळा येतो, पण पाच मिनिटांचं काम आहे.

नंतर कॉपी केलेली ४४ के डिस्क बूट करून सीपीएम५६ हा प्रोग्रॅम चालवा. तो त्या डिस्कच्या सिस्टिम ट्रॅकमध्ये बदल करतो. परत बूट केल्यावर बॅनरमध्ये ५६के. मूळ डिस्कवर हे करू नका, कारण उद्या लँग्वेज कार्ड बिघडलं तर ५६ के ची डिस्क बूटच होणार नाही आणि तपासायला ४४ के ची डिस्क हाताशी लागते.

टप्पा ८: ८० कॉलम आणि वर्डस्टार

४० कॉलमवर सीपी/एम चालतं, पण बहुतेक सॉफ्टवेअर ८० कॉलम आणि टर्मिनल धरून लिहिलेलं आहे. टू प्लसला व्हिडेक्स व्हिडिओटर्म किंवा तसलं कार्ड स्लॉट ३ मध्येच, दुसरीकडे नाही. त्याचा व्हिडिओ त्याच्या स्वतःच्या जॅकमधून येतो, तेव्हा मॉनिटरची वायर तिकडे हलवायला विसरू नका. आयआयईत ८० कॉलम कार्ड ऑक्झिलरी स्लॉटमध्ये जातं आणि स्लॉट ३ ची जागा तेच खातं, म्हणून तिथे मागचा स्लॉट ३ रिकामा ठेवा.

प्रिंटर स्लॉट १, मोडेम किंवा सीरियल स्लॉट २, जादा डिस्क कंट्रोलर स्लॉट ५. सीपी/एम हीच जागा धरून शोधतं.

प्रॉम्प्ट ८० कॉलममध्ये नीट आला, पण वर्डस्टारमध्ये कर्सर भलतीकडे आणि ओळी एकमेकांवर चढलेल्या, असं दिसलं तर हार्डवेअरला हात लावू नका. एमबेसिकमधून कॉन्फिगआयओ चालवा, तिथे स्क्रीनचे कंट्रोल कोड ठरतात: कर्सर कुठे न्यायचा, ओळ कशी पुसायची. मग वर्डस्टारचा इन्स्टॉल प्रोग्रॅम चालवून तेच टर्मिनल निवडा. दोन्हीकडे एकच टर्मिनल हवं. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं निवडलं की कचराच दिसणार. आणि कॉन्फिगआयओमध्ये बदल केल्यावर ते डिस्कवर सेव्ह करायचा पर्याय वेगळा आहे, तो घेतला नाही तर पुढच्या बूटला सगळं परत मूळ पदावर.